एका विद्यापीठाचा एकच अर्ज, मग तो कोणाचा?

लॉस एंजेलिसमध्ये डब्ल्यू. एम. केक फाउंडेशन नावाची एक देणगीदार संस्था आहे. विल्यम केक या तेल उद्योजकाने ती १९५४ मध्ये स्थापन केली. हवाई बेटांवरच्या मौना केआ पर्वतावर ज्या दोन महाकाय दुर्बिणी आहेत, त्यांना केक हे नाव याच संस्थेच्या पैशामुळे मिळाले. ही संस्था अमेरिकेतल्या विद्यापीठांना संशोधनासाठी मोठ्या रकमा देते. पण तिची एक अट आहे. एका फेरीत एका विद्यापीठाने वैद्यकीय संशोधनासाठी एक आणि विज्ञान-अभियांत्रिकीसाठी एक, एवढेच अर्ज करायचे. विद्यापीठात दोनशे प्राध्यापक असोत की तीन हजार, दार तेवढेच उघडते.

आता समजा, एखाद्या मोठ्या विद्यापीठात पंधरा जणांना वाटते की आपली कल्पना केकच्या पैशाला लायक आहे. पंधराही अर्ज पाठवून चालणार नाही. मग कोणाचा जाणार? सर्वांत ज्येष्ठ प्राध्यापकाचा? अध्यक्षांच्या जवळच्या माणसाचा? की ज्याला बातमी आधी लागली त्याचा?

हा प्रश्न नीट, वेळेत आणि भांडण न होता सुटावा म्हणून अमेरिकेतल्या बहुतेक मोठ्या संशोधन विद्यापीठांत खास माणूस नेमलेला असतो. अशा अर्जांना तिकडे ‘लिमिटेड सबमिशन’ म्हणतात. आपण मर्यादित अर्ज म्हणू. त्यांचे काम पाहणाऱ्याला कुठे ‘लिमिटेड सबमिशन्स कोऑर्डिनेटर’ म्हणतात, कुठे ‘रिसर्च डेव्हलपमेंट स्पेशालिस्ट’. आपल्या घरांत डॉक्टर, इंजिनिअर, फार्मसी, बी.एड. आणि आखातातली नोकरी यांची चर्चा पुष्कळ होते, या कामाचे नाव मात्र आम्ही आजवर कोणाच्या तोंडून ऐकलेले नाही. म्हणून हा लेख.

पालकसभेत एक प्रश्न आम्हांला दरवर्षी कोणी ना कोणी विचारतेच. “टीचर, मुलगी एम.एस्सी. झाली. प्रयोगशाळेत आयुष्य काढायचे नाही म्हणते, शिकवायचेही नाही म्हणते. मग एवढ्या तालीमचे करायचे काय?” इंग्रजी किंवा समाजशास्त्रात एम.ए. झालेल्या मुलांचे आई-वडीलही हेच विचारतात. पुढे जे लिहिले आहे ते या घरांसाठी जास्त आहे.

प्रथम हे समजून घेऊ की पैसे देणारे अशी अट घालतात कशाला. कारण सरळ आहे. मोकळे सोडले तर हजारोंनी अर्ज येतील आणि ते वाचायला माणसे पुरणार नाहीत. म्हणून पहिली चाळणी विद्यापीठाने आपल्या घरात लावावी, असे ठरते. यात थोडी चलाखीही आहे, असे आमचे मत आहे. चाळण्याचे कष्ट आणि नकार देण्याचा कडवटपणा दोन्ही दुसऱ्याच्या गळ्यात जातात. पण या अटीला एक चांगली बाजूही आहे. जिथे सर्वांना एकेकच अर्ज करता येतो, तिथे श्रीमंत, नामवंत विद्यापीठाला वीस अर्ज टाकून लहान संस्थेला झाकून टाकता येत नाही.

प्रत्येक देणगीदाराची तऱ्हा वेगळी. शिकागोचा सर्ल स्कॉलर्स कार्यक्रम आणि प्यू या धर्मादाय संस्थेचा जीववैद्यक क्षेत्रातला कार्यक्रम, दोन्ही नव्या प्राध्यापकांसाठी आहेत आणि दोन्हींत नाव विद्यापीठाने सुचवावे लागते. पॅकार्ड फेलोशिपची रीत आणखी कडक आहे. ही फेलोशिप १९८८ मध्ये सुरू झाली. संगणक आणि प्रिंटरवर एचपी ही अक्षरे आपण पाहतो, त्यांतला ‘पी’ म्हणजे डेव्हिड पॅकार्ड. त्यांच्या कुटुंबाची ही संस्था पन्नास विद्यापीठांच्या अध्यक्षांना पत्र पाठवते आणि प्रत्येकाकडून फक्त दोन नावे मागते. शेवटी सुमारे वीस जण निवडले जातात आणि प्रत्येकाला पाच वर्षांसाठी ८ लाख ७५ हजार डॉलर मिळतात. प्राध्यापक होऊन तीन वर्षांपेक्षा जास्त काळ झाला असेल तर नाव पाठवता येत नाही. जनुक-संपादनासाठी २०२० चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळालेल्या जेनिफर डाउडना १९९६ मध्ये पॅकार्ड फेलो झाल्या होत्या. तेव्हा त्या येल विद्यापीठात नवख्या प्राध्यापिका होत्या. म्हणजे येलच्या दोन नावांत त्यांचे नाव घालण्याचा निर्णय आधी त्यांच्याच विद्यापीठात झाला असणार.

सरकारी पैशालाही असे दार असते. नॅशनल सायन्स फाउंडेशन ही अमेरिकी सरकारची संस्था महागड्या यंत्रांसाठी एक योजना चालवते. काही वर्षांपूर्वीच्या नियमांनुसार एका संस्थेला तीन प्रस्ताव पाठवता येत आणि त्यांत मोठ्या रकमेचा, दहा लाख डॉलरच्या वरचा, एकच चाले. शिवाय पीएच.डी. देणाऱ्या विद्यापीठांना खर्चाचा तीस टक्के वाटा स्वतः उचलावा लागे. पुढे २०२२ च्या कायद्याने ही वाट्याची अट काही वर्षांपुरती स्थगित केली. आता चित्र डोळ्यांसमोर आणा. रसायनशास्त्राला एक यंत्र हवे, भौतिकशास्त्राला दुसरे, जीवशास्त्राला तिसरे, भूगर्भशास्त्राला चौथे. प्रत्येक विभागप्रमुख म्हणतो, आमचीच गरज मोठी. अशा वेळी ज्याच्या हातात यादी आणि तारखा आहेत, तो माणूस शांत डोक्याचा नसेल तर विद्यापीठात तट पडायला वेळ लागत नाही.

आम्हा शिक्षकांना हे चित्र अनोळखी नाही. केंद्र सरकारच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागाची ‘इन्स्पायर मानक’ योजना बहुतेक शाळांत पोहोचली आहे. सहावीपासूनच्या मुलांनी रोजच्या जगण्यातल्या अडचणीवर काही नवी कल्पना सुचवायची आणि निवड झाली तर नमुना तयार करण्यासाठी दहा हजार रुपये थेट मुलाच्या खात्यात येतात. शाळेला जास्तीत जास्त पाच कल्पना पाठवता येतात. पाचच! सातवीच्या एका वर्गातच पंधरा मुले हात वर करतात. मग ज्या शाळेत नीट स्पर्धा घेतात, तिथे भिंतीवर सूचना लागते, सर्व तुकड्यांत वाचून दाखवतात, दोन-तीन शिक्षक मिळून कल्पना ऐकतात. आणि जिथे नीट घेत नाहीत, तिथे शेवटच्या दिवशी हुशार म्हणून ठरलेल्या त्याच पाच मुलांची नावे जातात. मागच्या बाकावरच्या मुलीने अम्मीच्या शिलाई मशीनसाठी काय विचार केला होता, हे कोणाला कळतच नाही. विद्यापीठातले काम हेच आहे. रकमेची शून्ये वाढतात आणि मुलांच्या जागी प्राध्यापक येतात, एवढाच फरक.

कामाचा क्रम पाहू. समन्वयक वर्षभर देणगीदारांच्या घोषणा वाचत असतो. घोषणा कधी दहा पानांची, कधी साठ पानांची. पात्रतेच्या भागात कुठेतरी एक ओळ दडलेली असते की एका संस्थेकडून इतकेच अर्ज. ती ओळ सुटली की पुढचे सगळे बिघडते. कारण मर्यादेपेक्षा जास्त अर्ज गेले तर काही योजनांत आधी पोहोचलेला घेतात आणि बाकीचे न वाचता परत करतात, आणि काही ठिकाणी सगळेच बाद होण्याची भीती असते. विद्यापीठाच्या एका हाताला दुसऱ्या हाताचे माहीत नसल्याने कोणाची सहा महिन्यांची मेहनत वाया जावी, याहून वाईट ते काय?

ओळ सापडली की ती यादीत चढते. देणगीदाराचे नाव, किती अर्ज चालतील, रक्कम किती, शेवटची तारीख कोणती, आणि त्या तारखेच्या बरेच आधी, दोन-तीन महिने असले तर उत्तम, विद्यापीठाची स्वतःची तारीख. मग सर्व विभागांना पत्र. ज्यांना इच्छा आहे त्यांनी दोन-तीन पानांचा गोषवारा, खर्चाचा अंदाज आणि आपला परिचय द्यायचा. आलेले अर्ज जागांपेक्षा कमी असतील तर प्रश्नच मिटतो. जास्त असतील तर परीक्षक शोधायचे. हे परीक्षक बहुधा त्याच विद्यापीठातले ज्येष्ठ प्राध्यापक असतात आणि त्यांना यासाठी वेगळा मोबदला सहसा मिळत नाही. त्यांना विनंती करणे, आठवण करणे, पुन्हा आठवण करणे, रागावू न देता तिसऱ्यांदा आठवण करणे, यात समन्वयकाचा बराच वेळ जातो. ज्याने लग्नघरात आमंत्रणांची यादी सांभाळली आहे त्याला ही कला थोडीफार अवगत असते.

परीक्षकांना गुणांचा तक्ता देतात. कल्पना नवी आहे का, देणगीदाराच्या उद्देशाशी जुळते का, करणाऱ्याची तयारी आहे का, खर्च वाजवी आहे का. शेवटचा निर्णय संशोधन विभागाचे उपाध्यक्ष किंवा त्यांची समिती घेते. समन्वयक निर्णय घेत नाही, हे लक्षात ठेवावे. पण निर्णय कोणत्या कागदांवरून, कोणासमोर आणि कोणत्या क्रमाने होईल, ते त्याच्या हातात असते, आणि हीच मोठी जबाबदारी आहे.

निवड झाली की निवडलेल्याचा पूर्ण अर्ज वेळेत तयार होतो की नाही, यावर लक्ष ठेवायचे. नॅशनल सायन्स फाउंडेशनसाठी मुदत म्हणजे अर्जदार संस्थेच्या घड्याळाप्रमाणे संध्याकाळचे पाच. पाच वाजून दोन मिनिटांनी ‘नेट चालत नव्हते’ म्हणून भागत नाही. निवडलेल्याने मध्येच माघार घेतली तर पुढच्या क्रमांकावर कोण, हेही आधीच ठरवून ठेवावे लागते.

या कामात आम्हांला सर्वांत महत्त्वाच्या तीन गोष्टी वाटतात. पहिली, बातमी सगळ्यांपर्यंत जाणे. पॅकार्डचे उदाहरण पुन्हा घ्या. नोकरीचे तिसरे वर्ष सुरू असलेल्या एखाद्या तरुण प्राध्यापिकेला ते पत्र पोहोचलेच नाही, विभागप्रमुखाने पुढे पाठवायचे राहून गेले, तर तिच्यासाठी ते दार कायमचे बंद. पुढच्या वर्षी ती पात्रच नसते. मोठ्या प्रयोगशाळेत काम करणाऱ्याला चहा पिताना सगळ्या बातम्या कळतात. बाहेरून नव्याने आलेला, कोणाची ओळख नसलेला मात्र पत्रावर अवलंबून असतो. म्हणून चांगला समन्वयक एका पत्रावर थांबत नाही. तो संकेतस्थळावर वर्षाची यादी उघडी ठेवतो, नव्या प्राध्यापकांना स्वतः बोलावून सांगतो.

दुसरी गोष्ट अमानतदारीची. या गोषवाऱ्यांत माणसाची अजून कुठेही न छापलेली कल्पना असते. ती समन्वयकाकडे अमानत म्हणून येते. तीच कल्पना परीक्षक म्हणून बसलेला प्रतिस्पर्धी वाचणार असेल तर? म्हणून कोणाचे कोणाशी नाते, कोण कोणाचा जुना विद्यार्थी, कोणाचे संशोधन एकत्र चालते, हे आधी विचारून लिहून घ्यावे लागते आणि अशा परीक्षकाला नम्रपणे बाजूला बसवावे लागते. तो माणूस पदाने समन्वयकाच्या चार पायऱ्या वर असला तरी!

तिसरी गोष्ट नकाराची. पंधरांतून एक निवडला म्हणजे चौदांना नाही म्हटले. या चौदा जणांची मोजदाद कुठेच होत नाही. देणगीदार सांगतो की आमच्याकडे इतके अर्ज आले, त्यांतले इतके मंजूर झाले. जे घरच्या उंबरठ्यावरच थांबले ते त्या हिशोबात येत नाहीत. त्यांना दोन ओळींचे कोरडे पत्र पाठवून मोकळे होणारी कार्यालये आहेत. परीक्षकांनी काय म्हटले ते नीट सांगून, ‘ही कल्पना अमुक योजनेत चालेल, तिथे संख्येची मर्यादा नाही’ असे सुचवणारीही आहेत. पहिल्या प्रकारच्या ठिकाणी दोन-तीन वर्षांत लोक अर्जच करेनासे होतात. दुसऱ्या प्रकारच्या ठिकाणी नकार मिळालेला माणूस पुढच्या वर्षी पुन्हा येतो.

आता हे काम करायला कोण लागतो? पीएच.डी. झालेले पुष्कळ लोक यात आहेत, विशेषतः वरच्या पदांवर. पण समन्वयकाच्या पहिल्या पायरीसाठी पदवी किंवा पदव्युत्तर शिक्षण, कार्यालयीन अनुभव आणि उत्तम लेखी इंग्रजी एवढ्यावर जाहिराती निघतात. एक्सेलसारख्या तक्त्यांची सवय लागते. विज्ञानाचा प्रत्येक विषय कळायलाच हवा असे नाही, पण साठ पानांची घोषणा वाचून तिच्यातले चार मुद्दे साध्या भाषेत लिहिता आले पाहिजेत. उर्दू माध्यमात शिकून, मराठीत परीक्षा देऊन, पुढे इंग्रजीत पदवी घेतलेल्या आपल्या मुलांना एका भाषेतली गोष्ट दुसऱ्या भाषेत समजावून सांगायची सवय लहानपणापासून असते. तिची किंमत आपण करत नाही.

अमेरिकेत या पेशाच्या संघटनाही आहेत. नॅशनल ऑर्गनायझेशन ऑफ रिसर्च डेव्हलपमेंट प्रोफेशनल्स ही २०१० ची. संशोधन-प्रशासनात ‘सर्टिफाइड रिसर्च ॲडमिनिस्ट्रेटर’ नावाची परीक्षाही आहे. पदवी आणि काही वर्षांचा अनुभव असला की तिला बसता येते. जॉन्स हॉपकिन्स आणि सेंट्रल फ्लोरिडा या विद्यापीठांत याच विषयाची पदव्युत्तर पदवी ऑनलाइन मिळते. फी मात्र आधी पाहून घ्यावी. तिथे नोकरी लागल्यावर अनेक विद्यापीठे आपल्या कर्मचाऱ्यांना फीमध्ये सवलत देतात. शिकायचेच असेल तर ती वाट शहाणपणाची.

इथून थेट या नोकरीसाठी अमेरिकेला जाता येईल, असे कोणी सांगितले तर विश्वास ठेवू नका. त्यासाठी व्हिसा मिळणे फार कठीण आहे. पण लग्नानंतर तिकडे गेलेल्या आपल्या कितीतरी सुशिक्षित मुली आहेत, पतीच्या व्हिसावर घरात बसलेल्या. २०१५ पासून, पतीच्या ग्रीन कार्डचा अर्ज ठरावीक टप्प्यापर्यंत मंजूर झाला असेल तर पत्नीला कामाचा परवाना मागता येतो. अशा मुलीने जवळच्या विद्यापीठाच्या संशोधन कार्यालयाकडे जरूर पाहावे. आमच्या मते घर सांभाळून करता येण्यासारखे हे काम आहे. रात्रपाळी नाही, दुकानात उभे राहणे नाही. मुदतीचे आठवडे तेवढे धावपळीचे.

आखातातही आता संशोधन विद्यापीठे उभी राहिली आहेत. जेद्दाहच्या उत्तरेला थुवल इथे २००९ मध्ये सुरू झालेल्या किंग अब्दुल्ला विज्ञान व तंत्रज्ञान विद्यापीठात संशोधन-अनुदानांसाठी वेगळे कार्यालय आहे. कोकणातल्या घरांना आखात नवे नाही. आजवर आपण तिकडे सुपरवायझर, अकाउंटंट, ड्राफ्ट्समन म्हणून गेलो. या कार्यालयांकडे आपली नजर अजून गेलेली नाही.

आणि आपल्याकडे? भारतात हा पेशा बाल्यावस्थेत आहे. डीबीटी-वेलकम ट्रस्ट इंडिया अलायन्सने २०१८ मध्ये संशोधन व्यवस्थापनासाठी खास उपक्रम सुरू केला, तेव्हापासून काही मोठ्या संस्थांत अशी पदे दिसू लागली. २०२३ च्या कायद्याने अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशन आले. नॅकच्या मूल्यांकनातही संशोधन हा एक स्वतंत्र निकष आहे. पण साध्या कॉलेजांत हे काम ज्या प्राध्यापकाला नाही म्हणता येत नाही त्याच्या माथी मारले जाते, तासिका सांभाळून. आपल्या संस्थाचालकांनी निदान एका अर्धवेळ माणसाला, अनुदानांच्या घोषणा वाचणे आणि सर्वांना वेळेवर सांगणे एवढेच काम द्यावे. खर्च फारसा नाही.

या क्षेत्राची कमकुवत बाजूही सांगायला हवी. ही कार्यालये बऱ्याच अंशी संशोधन-अनुदानांतून मिळणाऱ्या वरखर्चाच्या रकमेवर चालतात. फेब्रुवारी २०२५ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने हा वरखर्च पंधरा टक्क्यांवर आणण्याची घोषणा केली. न्यायालयाने ती रोखली, पण अनेक विद्यापीठांनी भरती थांबवली. अनुदाने आटली की या खुर्च्याही हलतात. दुसरीकडे सरकारी पैसा कमी झाला की खासगी देणगीदारांकडची गर्दी वाढते, आणि तिथेच तर मर्यादित अर्ज जास्त. पगार सॉफ्टवेअरवाल्यांएवढा नाही.

ज्यांना पुढे पाहायचे आहे त्यांनी एखाद्या मोठ्या अमेरिकी विद्यापीठाच्या संकेतस्थळावर ‘लिमिटेड सबमिशन्स’ हे शब्द शोधावेत. पुष्कळ विद्यापीठांची यादी सर्वांना खुली असते. त्यातली एक योजना निवडा, देणगीदाराची मूळ घोषणा पूर्ण वाचा आणि कोण पात्र, किती अर्ज, शेवटची तारीख आणि काय काय जोडायचे, हे एका पानावर मराठीत आणि एका पानावर इंग्रजीत लिहून काढा. इंग्रजी पान आपल्या जुन्या प्राध्यापकांकडून तपासून घ्या. अर्जासोबत आपल्या कामाचा नमुना म्हणून तेच पान जोडता येते.